शिष्ट, शहाजोग आणि मुजोर

कापसाच्या हंगामात तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजाराकडे गाड्यांची रांग लागते आणि रांगेत थांबलेल्यांना बोलण्याखेरीज दुसरे काम नसते. बेला-जैनदकडचा शेतकरी मराठीत बोलतो, शेजारचा गाडीवाला तेलुगूत, हमाल दखनीत, आणि इंद्रवेल्लीकडून आलेले गोंड शेतकरी आपसात गोंडीत. सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, ती म्हणजे कापसातला ओलावा. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यापुढे माल परत जातो. एखाद्याचा कापूस आठच्या आत भरतो. तो मोकळ्या गाडीने परत फिरतो, पण सरळ घरी जात नाही. रांगेतल्या लोकांजवळ थांबून कापूस कसा वेचावा, कसा वाळवावा, कुठल्या वेळी भरावा हे त्यांना सांगू लागतो. लोक ऐकून घेतात. त्याची पाठ वळली की मराठीत शेरा येतो, "सोताले लय शाना समजते थो." तेलुगू बोलणारा 'पोगरु', म्हणजे माज, म्हणतो. दखनी बोलणारा म्हणतो, "दिमागां दिखारा."

त्या माणसाने खोटे काही सांगितलेले नसते. कोणाचा अपमानही केलेला नसतो आणि त्याचा कापूस खरोखरच कोरडा असतो. तरीही तो खुपतो, कारण स्वतःवर खूश होण्यासाठी त्याला समोर चार माणसे एक पायरी खाली उभी लागतात. फुशारकी मारणारा निराळा. त्याला आपले मोठेपण पटवून द्यायचे असते, म्हणजे मनात कुठेतरी शंका असते. या माणसाला शंकाच नसते. आपण पोहोचलो आहोत, आता इतरांनी आपल्याकडे पाहून शिकावे, इतकेच काय ते उरले आहे, असे त्याला वाटते.

फुशारकीसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. बढाईखोर, घमेंडखोर, गर्विष्ठ, चढेल. टिमकी वाजवणारा, टेंभा मिरवणारा, गमजा करणारा. या शब्दांत आवाज आहे, उजेड आहे, मिरवणूक आहे. पण जो शांतपणे, मंद हसत स्वतःवर खूश आहे, त्याला काय म्हणायचे? छापील मराठीत 'आत्मसंतुष्ट' असा शब्द वापरतात. बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही. 'अहंमन्य' थोडा जवळ जातो, तोही अग्रलेखापुरता.

या 'मन्य'ला मोठी परंपरा आहे. पाणिनीच्या व्याकरणात, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, स्वतःला अमुक मानणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितला आहे. स्वतःला पंडित समजणारा तो पंडितंमन्य, स्वतःला देखणा समजणारा तो दर्शनीयंमन्य. दुसरा कोणी पंडित मानत असेल तर हे रूप लागू होत नाही; मानणारा आणि मानला जाणारा एकच असला पाहिजे. या स्वभावाची नोंद शब्दकोशात होणे समजण्यासारखे आहे. पाणिनीला ती व्याकरणाच्या नियमात करावी लागली, यावरून अशी माणसे तेव्हाही किती भेटत असतील याचा अंदाज येतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाला वेगळी जागा दिली. स्वतःची वाखाणणी स्वतःच करणारा त्यांच्या लेखी मूर्खांत मोडतो. शिकलेला असूनही चुकणाऱ्याची यादी मात्र त्यांना निराळी करावीशी वाटली.

बोलीतला माणूस पाणिनीपर्यंत जात नाही. तो समोरच्याच्या अंगाकडे पाहतो. नाक वर करून चालणे, मान ताठ ठेवणे, मिशीला पीळ देणे, स्वतःची पाठ स्वतः थोपटणे, पाय जमिनीवर नसणे, डोक्यात हवा जाणे. 'नाकाने कांदे सोलणे' हा त्यातला सर्वांत नेमका वाक्प्रचार. कांदा सोलायचा तर हात लागतात, वास लागतो, डोळ्यांत पाणी येते. हे काही अंगाला लागू न देता, नुसत्या नाकाच्या शेंड्याने जगाचे कांदे सोलू पाहणारा, स्वतःच्या शुद्धपणावर खूश असलेला माणूस या तीन शब्दांत पुरता सापडतो.

आणि मग 'उंटावरचा शहाणा'. गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. वासराचे तोंड रांजणात अडकले. गावाने शहाण्याला बोलावले. तो उंटावर बसून आला. वाड्याचे दार ठेंगणे, उंट आत जाईना. खाली उतरायचे त्याच्या मनातही आले नाही; त्याने भिंत पाडायला लावली. आत येऊन त्याने वासराची मान कापायला सांगितली. मुंडके रांजणातच राहिले, तेव्हा म्हणाला, आता रांजण फोडा. या गोष्टीतला सल्ला वाईट आहे हे लहान मुलालाही कळते. पण गोष्टीचा जीव भिंतीत आहे. उंटावरून उतरला असता तर भिंत वाचली असती, पण उतरणे म्हणजे गावाच्या उंचीला येणे. गावानेही त्याला उतरायला सांगितले नाही, ही त्याहून बोचरी गोष्ट.

पण या स्वभावाला चिकटलेले सर्वांत धारदार मराठी शब्द अंगावरून किंवा गोष्टीतून आलेले नाहीत. ते मुळात मान देणारे शब्द होते.

'शहाजोग' घ्या. आज 'शहाजोगपणा' म्हणजे आतून काही वेगळे असताना बाहेरून सभ्यपणाचा आव आणणे, वर त्या सभ्यपणाचे समाधान मिरवणे. हा शब्द पेढीवरचा आहे. व्यापारात हुंड्यांचे प्रकार असत. धनीजोग हुंडी ठरलेल्या धन्याला मिळे, आणि शहाजोग हुंडी केवळ 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच वटवता येई. हुंडी रस्त्यात हरवली, चोरीला गेली, तरी भलत्या माणसाच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून ही सोय. ज्याला शहाजोग हुंडीचे पैसे मिळत, त्याच्या सचोटीवर सगळा बाजार विसंबून असे. एखाद्या माणसाबद्दल याहून मोठी ग्वाही नव्हती. मग हा शब्द शिवीच्या अंगाने का गेला? कापूस, गळिताची धान्ये आणि सावकारी यांच्या मुलखात उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. पेढीवर ज्याची पत मोठी, तोच वजनात मारतो, तोच व्याजावर व्याज लावतो आणि तोच देवळाला देणगी देतो, हे ज्याने उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिले, त्याच्या तोंडी 'शहाजोग' हा शब्द गेला आणि तिथे त्याचा अर्थ पालटला.

'शिष्ट'चे असेच झाले. "ती फार शिष्ट आहे" म्हटले की ती कोणाशी धड बोलत नाही, स्वतःला वेगळी समजते, एवढाच अर्थ मराठी घरात घेतला जातो. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकवलेला, वळण लागलेला. पतंजलीने महाभाष्यात शिष्ट कोण हे सांगताना एक साधी खूण दिली: ज्याच्या घरात मडकेभर धान्याहून अधिक साठा नाही आणि ज्याला लोभ नाही, तो. ज्याच्यापाशी मडकेभर धान्य तो शिष्ट, इथून निघालेला शब्द ज्याला शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे कमीपणाचे वाटते तो शिष्ट, इथवर आला. 'संभावित' हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सन्मान लाभलेल्या माणसासाठी येतो. मराठीत 'संभावितपणा' म्हणजे अब्रूदारपणाचे ढोंग. 'आढ्य' म्हणजे संपन्न. त्याची 'आढ्यता' झाली आणि तिला फारसीतला 'खोर' जोडून 'आढ्यताखोर' तयार झाला. 'शहाणा'ला तर पुढे नुसता 'अति' किंवा 'दीड' लावला की पुरते.

यातला एक शब्द मात्र अन्यायाने बिघडला आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. 'मानभावी' म्हणजे गोड बोलून आतल्या गाठीने वागणारा, असे कोश सांगतात. तो 'महानुभाव'वरून आला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्थापन केलेल्या महानुभाव पंथाने मराठीला 'लीळाचरित्र' दिले, स्त्रियांना आणि शूद्रांना धर्म त्यांच्याच भाषेत सांगितला. किनवटजवळचे माहूर हे या पंथाच्या श्रद्धेचे ठिकाण, म्हणजे आदिलाबादला अगदी लागून. ज्या पंथाने संस्कृतचा तोरा नाकारला, त्याच्या नावाचा अर्थ ढोंगी असा व्हावा, हे पंथाच्या आचाराचे फळ मानता येत नाही. विरोधकांनी पसरवलेला अर्थ रूढ झाला आणि कोशांनी तो नोंदवला. संपादकांनी आणि शिक्षकांनी हा शब्द वापरण्याआधी एवढे आठवले तरी बरे.

आदिलाबादमध्ये या शब्दांना आणखी एक थर मिळाला, तो दरबाराचा. हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९०५ मध्ये आदिलाबाद जिल्हा झाला. तहशिलीत अर्ज उर्दूत, कोर्टात निकाल उर्दूत, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषाही उर्दू. मराठी शेतकऱ्याला कचेरीत जे शब्द ऐकू येत त्यातले पुष्कळसे मराठीत आधीच आले होते. फारसीतून आलेल्या शब्दांचा आवाका पाहायचा तर माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये काढलेला फारसी-मराठी कोश चाळावा. दिमाख, मिजास, मगरूर, शेखी, रुबाब, नखरा. आपल्या विषयाची अर्धी शब्दसंपत्ती या एकाच दाराने आत आली आहे.

त्यांचे मूळ अर्थ पाहिले की शहाजोगचीच वाट पुन्हा दिसते. अरबीत 'दिमाग' म्हणजे मेंदू. दखनीत 'दिमाग दिखाना' म्हणजे डोके दाखवणे, म्हणजेच ताठा दाखवणे. मराठीत त्याचा 'दिमाख' झाला आणि लग्नाच्या मांडवालाही लागू पडला. 'मिजाज' म्हणजे प्रकृती, स्वभाव. साहेबांची तब्येत विचारताना अदबीने वापरायचा शब्द. ज्यांना ती रोज विचारावी लागे त्यांनी त्याची 'मिजास' केली. 'शेख' म्हणजे वडीलधारा, आदरणीय, त्यावरून 'शेखी'. 'मगरूर'चे मूळ सर्वांत विचार करायला लावणारे आहे. अरबीत त्याचा अर्थ फसलेला, भुललेला असा होतो. जो स्वतःवर भुलला तो मगरूर. या शब्दात रागाबरोबर थोडी कीवही असावी, असे त्यामुळे वाटत राहते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि त्याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे आले. एकच बोली बोलणारी, एकमेकांत सोयरीक असणारी माणसे दोन राज्यांची झाली. १९६६ च्या कायद्याने तेलुगू ही आंध्र प्रदेशची राजभाषा ठरली. २०१४ मध्ये तेलंगणा झाला, २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. सरहद्दीच्या दक्षिणेकडच्या मराठी माणसाने एका आयुष्यात कचेरीची भाषा दोनदा बदललेली पाहिली.

तेलुगूशी रोजचा संबंध आल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. तेलुगूनेही मानाचे शब्द असेच फिरवले आहेत. 'पेद्दमनिषि' म्हणजे मोठा माणूस, गावातला पंच, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा. पण हाच शब्द जरा वेगळ्या सुरात म्हटला की संभावित भोंदू डोळ्यांपुढे येतो. १९५४ मध्ये के. व्ही. रेड्डी यांनी 'पेद्द मनुषुलु' नावाचा चित्रपट काढला. गावात प्रतिष्ठित म्हणून वावरणारी माणसे आतून काय आहेत, ही त्याची कथा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रेक्षकाला शीर्षकातला डंख समजावून सांगावा लागला नाही. 'दोर' म्हणजे धनी, जमीनदार. 'दोरतनम' म्हणजे त्याचा रुबाब, आणि तेलंगणातल्या जुन्या माणसांच्या कानांत त्या शब्दाबरोबर वेठबिगारीही वाजते. गुरजाड अप्पाराव यांच्या 'कन्याशुल्कम्' या नाटकातला गिरीशम तर स्वतःच एक शब्द होऊन बसला आहे. १८९२ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले. चार इंग्रजी शब्दांच्या बळावर सुधारक म्हणून मिरवणारा, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश असलेला हा माणूस तेलुगू घरांत आजही नावाने ओळखला जातो. मराठीत 'मोठा टिकोजीराव लागून गेला' म्हणताना त्या टिकोजीरावाला ना नाटक आहे ना चेहरा.

तेलुगूतली एक म्हण आदिलाबादच्या मराठी कानाला चटकन समजते: 'अन्नी उन्न आकु अणिगिमणिगि उंटुंदि, एमी लेनि आकु एगिरि एगिरि पडुतुंदि.' सगळे वाढलेली पत्रावळ जागेवर निमूट असते, रिकामी वाऱ्यावर उडत राहते. आपल्या 'उथळ पाण्याला खळखळाट फार'ची ही सख्खी बहीण. पण दोन्ही म्हणी फुशारकीवर चालतात. ज्याची पत्रावळ खरोखर भरलेली आहे आणि जो शेजारच्या रिकाम्या पत्रावळीकडे पाहून जेवतो, त्याला या म्हणी लागू होत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी मानाचाच शब्द उलटवावा लागतो.

युरोपातल्या भाषांनीही हेच केले. इंग्रजीतला 'स्मग' सोळाव्या शतकात नीटनेटका, टापटिपीचा अशा चांगल्या अर्थाने आला आणि पुढे स्वतःवर खूश असणाऱ्याला चिकटला. फ्रेंचमध्ये 'पुरेसा' या अर्थाचाच शब्द अशा माणसाला लावतात. तो स्वतःला पुरेसा आहे, दुसऱ्या कोणाची त्याला गरज नाही.

इथपर्यंतचे शब्द खालून वर जाणारे आहेत. उंबऱ्याबाहेर उभा असलेला आतल्याला ते लावतो, बहुधा त्याच्या पाठीमागे. पण गर्वाच्या शब्दांचा दुसरा ढीग आहे आणि त्याची दिशा उलटी आहे. माज, मस्ती, मुजोरी, चरबी चढणे, शिंगे फुटणे, पंख फुटणे, शेफारणे. हे शब्द गोठ्यातून आणि तबेल्यातून आले. माज जनावराला येतो. मस्ती हत्तीला चढते. 'मुजोर' मुळात 'मुँहजोर', लगाम न जुमानणारा घोडा. शिंगे वासराला फुटतात. तेलुगूतही चित्र तेच: 'कोव्वु' म्हणजे चरबी, 'कोव्वेक्किंदि' म्हणजे चरबी चढली, 'बलुपु' म्हणजे पुष्टपणा आणि उर्मटपणाही. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषांत चरबीचेच चित्र वापरून माणसाला त्याची जागा दाखवतात.

कोणाला दाखवतात? मालकाला माज आला असे गडी क्वचित मोठ्याने म्हणतो. गड्याला माज आला असे मालक रोज म्हणू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिलेली उदाहरणे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या माणसांना जेवण घातले आणि पानात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले आणि त्यांनी जेवण उधळले. इंदूरकडच्या गावांत १९२८ च्या सुमारास बलाई लोकांना जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत, रंगीत काठाची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत अशी बंधने सांगण्यात आली. तूप, जरीचा काठ, चांदीचा दागिना: गर्वाचा पुरावा म्हणून एवढे पुरले. इंदूरपासून आदिलाबादपर्यंत ज्या भाषेत ही बंधने घालता येतात, तिच्यात 'माज' हा शब्द असतोच.

आदिलाबादच्या मराठी माणसाला इथे स्वतःकडेही पाहावे लागते. निजामाच्या कचेरीत तो उंबऱ्याबाहेर होता हे खरे. पण डोंगरातल्या गोंड-कोलामांसमोर तो पुष्कळदा उंबऱ्याच्या आत होता. पटवारी, सावकार, नवी जमीन शोधत आलेला शेतकरी, यांत मराठी बोलणारे थोडे नव्हते. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमरम भीम मारले गेले. जल, जंगल आणि जमीन यांवर आपला हक्क आहे, असे म्हणणाऱ्या गोंडाला वरच्या माणसाच्या बोलीत 'मुजोर' याखेरीज नाव नव्हते. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती अभ्यासण्याचे काम ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत झाली. याच जिल्ह्यात सेतुमाधवराव पगडी अधिकारी म्हणून आले. निलंग्यात जन्मलेला, पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेला हा माणूस उंटावरून उतरला. तो गोंडी शिकला, कोलामी शिकला आणि दोन्ही भाषांची व्याकरणे लिहून गेला. पगडींची आठवण मराठीत शिवकालाच्या संशोधनासाठी निघते. आदिलाबादच्या या कामासाठी ती त्याहून अधिक निघायला हवी. आपल्या हुद्द्यावर खूश असलेला अधिकारी ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्या भाषेचे व्याकरण लिहायला बसत नाही.

भाषेच्या सरहद्दी इथे किती गुंतल्या आहेत ते परधानांकडे पाहिले की कळते. गोंडांचे हे परंपरागत गायक किकरीच्या साथीने गोंडांच्या कुळकथा गोंडीत गातात आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या घरची बोली मराठी. म्हणजे दुसऱ्याचा अभिमान त्याच्या भाषेत गायचा आणि घरी येऊन आपल्या भाषेत बोलायचे. अभिमान आणि गर्व यांच्यातला फरक या माणसांना कोणत्याही कोशकारापेक्षा जास्त ठाऊक असावा.

आताच्या पोरांचे शब्द वेगळे आहेत. 'भाव खाते', 'शायनिंग मारते', 'हवेत हाय', 'चमको'. तेलुगू पोरे 'बिल्डप' म्हणतात. 'अ‍ॅटिट्यूड' तर सगळ्याच भाषांत शिरला आहे आणि त्याच्यासोबत एक नवी गोष्ट आली आहे. हा शब्द दोष म्हणूनही वापरला जातो आणि मोटारसायकलच्या मागे हौसेने रंगवलाही जातो. आपल्याला 'शहाजोग' म्हणावे म्हणून कोणी धडपडत नाही. 'अ‍ॅटिट्यूड' मात्र मागून घेतला जातो. ज्या घरात बापाला 'माज आला' म्हणून गप्प बसवले गेले, त्या घरातला मुलगा तो शब्द गाडीवर लिहितो तेव्हा त्यात नुसती पोरकट ऐट पाहणे चुकीचे होईल.

या बोलीची नोंद मात्र फारशी झालेली नाही. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये, म्हणजे आदिलाबाद जिल्हा झाला त्याच वर्षी निघाला; त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत, पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून पुण्यात छापला जात होता, तेव्हा पैनगंगेचा दक्षिण काठ दुसऱ्या राज्यात होता. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे मोठे सर्वेक्षण केले. त्याचा भर महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांवर आहे. बेला, जैनद, तलमडगू, भीमपूर या मंडलांत मराठी बोलणारी म्हातारी माणसे आहेत आणि जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळाही अजून आहेत. तेलुगू, दखनी आणि गोंडी रोज कानांवर पडणाऱ्या या मराठीत 'शाना', 'बडाई', 'मिजास', 'माज' हे शब्द कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतो, हे त्या शाळांतल्या शिक्षकांना विद्यार्थ्यांकरवी एका उन्हाळ्यात गोळा करता येईल. वहीत तीन रकाने लागतील: शब्द, बोलणारा आणि ज्याला तो लावला तो. तिसरा रकाना रिकामा सोडला तर बाकीच्या दोहोंचा फारसा उपयोग होणार नाही.